लहान मुलांना घेऊन मालवण: ऊन आणि भरती-ओहोटी बघून आखलेली सहल

मालवणला जायचं म्हटलं की यादी आयती मिळते. सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, रॉक गार्डन, जमलं तर वेंगुर्ला आणि रेडीचा गणपती. पण सोबत तीन वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असतील, तर ती यादी बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघून दिवस आखा: ऊन आणि भरती-ओहोटी. आम्ही जानेवारीत तसं केलं आणि सहल मुलांचीही झाली, आमचीही. तीन ते आठ वर्षांची मुलं असलेल्यांसाठी हे जरा सविस्तर लिहिते.

मुंबईहून जाताना दिवसा धावणारी मांडवी एक्स्प्रेस धरा. रात्रीच्या गाडीने वेळ वाचतो, पण मुलांना कोकण रेल्वे दिवसाउजेडी दाखवण्यात खरी मजा आहे. या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल लागतो. थोरली खिडकीशी बसून बोगदे मोजत होती, धाकटा प्रत्येक अंधाराला टाळ्या वाजवत होता. मांडवीची पॅन्ट्री खाण्यासाठी नावाजलेली आहे, त्यामुळे घरून डब्यांचा ढीग न्यायची गरज नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि खिडकीची जागा हवी असेल तर त्याच दिवशी करा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दर वर्षी देवीच्या कौलाने ठरते, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्या दिवसांत गाड्या आणि मालवणातल्या खोल्या दोन्ही भरलेल्या असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी ती तारीख बघून घ्या. कुडाळला उतरून मालवण सुमारे तीस किलोमीटर. एसटी आहे, पण सामान, मुलं आणि आजी असा लवाजमा असेल तर गाडी आधीच सांगून ठेवलेली बरी.

राहायला आम्ही चिवला किनाऱ्याजवळ घरगुती सोय बघितली. तारकर्ली-देवबागला राहण्याची सोय भरपूर आहे, किनाराही लांबलचक आणि देखणा आहे. तरीही लहान मुलांसाठी मी चिवलाच सुचवेन. इथे अर्धवर्तुळासारखा किनारा आहे, लाटा सौम्य असतात, आणि बाजार, दवाखाना, औषधांचं दुकान, सगळं चालण्याच्या अंतरावर. डिसेंबरमधल्या समुद्री जलतरण स्पर्धाही याच किनाऱ्यावर होतात. तो आठवडा आणि नाताळची सुट्टी टाळा. खोली माडांच्या बागेत असेल तर एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी बजावा: माडाखाली बसायचं नाही, खेळायचं नाही. नारळ आणि झावळ्या पडताना आवाज देत नाहीत.

आता भरतीचा हिशोब. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुलांसाठी सगळ्यात सोयीच्या तिथी द्वितीया ते पंचमी, शुद्ध असो वा वद्य, कारण ओहोटी सकाळी सव्वासात ते दहाच्या दरम्यान येते, ऊन कोवळं असतं आणि पौर्णिमा-अमावास्या नुकतीच होऊन गेल्यामुळे पाणीही बरंच आत गेलेलं असतं. सहलीच्या तारखा ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. नेमकी वेळ तिथे गेल्यावर घरमालकांना विचारा, त्यांना ती तोंडपाठ असते. आमच्या काकू आदल्या रात्रीच सांगायच्या, "सकाळी सुकती आसा, पोरांका खेळूक बरा."

आणि त्या सुकतीत, म्हणजे ओहोटीत, काय असतं ते सांगते. पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर मुगाच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसायला लागते. मधे एक बारीक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या ओळी. जरा लांब उकिडवं बसून, अजिबात न हलता थांबलं की भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पुन्हा एक पाऊल, पुन्हा गोळी. पावलाचा हादरा बसला की क्षणात गायब. धाकटा, जो घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, तो इथे खेकडा परत यावा म्हणून श्वास रोखून बसला होता. यासाठी तिकीट लागत नाही, खेळणी लागत नाहीत. लागते ती फक्त योग्य वेळ.

सकाळी लवकर गेलात तर रापणही बघायला मिळू शकते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. जाळं जवळ येईतो तासभर सहज जातो. तारल्या, पेडवे, बांगडे, कधी मोरी, मधेच फुगलेला केंड. मुलांना दोराला हात लावू द्या, पण आधी विचारा आणि शेवटच्या टप्प्यात त्यांना मागे घ्या. तेव्हा कामाची घाई असते. जाळ्यातून बाजूला टाकलेल्या जेलीफिशला हात लावू देऊ नका. मेलेली असली तरी डंख होतो.

सिंधुदुर्ग किल्ला मात्र चुकवू नका, फक्त सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एकीने जा. बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, १६६७ मध्ये पूर्ण झालं. तट सुमारे तीन किलोमीटर फिरतो. मुलांबरोबर पूर्ण तट चालण्याचा अट्टहास नको, वर सावली अशी नाही. आम्ही तीन गोष्टी निवडल्या. पहिली, महादरवाजा: बोट अगदी जवळ जाईपर्यंत दार कुठे आहे ते कळत नाही. थोरलीला मी जेट्टीवरूनच "दार शोध" म्हणून सांगितलं होतं, ती शेवटपर्यंत शोधत होती. दुसरी, दाराच्या वरच्या अंगाला घुमटीत जपलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. तिसरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सहा वर्षांच्या मुलीला पटेना. असं कसं, हा तिचा प्रश्न दिवसभर पुरला. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिरही आत आहे, सासूबाई तिथेच सावलीत बसल्या. बोटवाले साधारण तासाभराची वेळ देतात. लहान मुलं असल्याचं सांगून थोडा जास्त वेळ मागून घ्या. जून ते ऑगस्ट बोटी बंद असतात.

बोटीत बसताना लाइफ जॅकेटच्या बाबतीत भीड बाळगू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला चढवून उपयोग नसतो, पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली निसटतं. तपासायची रीत सोपी आहे: पट्टे आवळा आणि खांद्यांपाशी धरून जॅकेट वर उचला. हनुवटी आत गेली तर ते मोठं आहे. मापाचं मागा, नसेल तर दुसरी बोट बघा. शक्य असेल तर मुलांची जॅकेट घरूनच न्या, बॅगेत जागा खातात पण मन निर्धास्त राहतं.

देवबागचा संगम बघावा, कारण तिथला भूगोलच विलक्षण आहे. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधे वस्तीची चिंचोळी पट्टी. नदीच्या बाजूने होडीची छोटी फेरी मुलांना झेपते. डॉल्फिनसाठी उघड्या समुद्रात जाणारी लांब फेरी तीन वर्षांच्या मुलासाठी मला योग्य वाटत नाही, बोट उसळते आणि डॉल्फिन दिसतीलच असं नाही. त्सुनामी आयलंडवर ओहोटीला गुडघाभर पाणी असतं, पण वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट फार, त्यामुळे गेलात तर मधल्या वारी. संगमाच्या टोकाला मात्र मुलांना पाण्यात उतरवूच नका. वरून शांत दिसलं तरी नदी आणि समुद्राची ओढ तिथे जबरदस्त असते.

सकाळी अकरा ते दुपारी चार घरात. याला अपवाद नको. जानेवारीतसुद्धा दुपारचं ऊन चटका देतं आणि वाळू तापते. जेवण, झोप, मग पत्ते किंवा शिंपले रंगवणं. लांब बाह्यांचे सुती कपडे, हनुवटीखाली बांधता येणाऱ्या टोप्या, आणि सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं. गाडीत पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन ठेवा. किनाऱ्यावरून निघतानाच मुलांचे पाय आणि जांघा धुतल्या तर खाऱ्या पाण्याने आणि वाळूने होणारी काचणी टळते. संध्याकाळी डासांसाठी मलम. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला.

खाण्याची काळजी अनेकांना वाटते, कारण मालवणी म्हणजे तिखट हे डोक्यात पक्कं असतं. घरगुती ठिकाणी आदल्या संध्याकाळी सांगितलं तर सगळं होतं. मुलांसाठी सुरमईची तुकडी फक्त हळद-मीठ लावून तळून मागा. मधल्या काट्याभोवतीचं मांस सहज सुटतं. बांगडा चविष्ट, पण बारीक काट्यांमुळे तो तुमच्या ताटात ठेवा. सोलकढी मिरचीशिवाय करून घ्या. सकाळी घावणे आणि नारळाचा रस असला की मुलं दुसरं काही मागत नाहीत, आणि पोट जड वाटलं तर उकड्या तांदळाची पेज. धाकट्याने घरी आल्यावरही पेज मागितली, तेव्हा उकडे तांदूळ दोन किलो जास्तच घ्या.

एक संध्याकाळ समुद्राला सुट्टी देऊन धामापूरला जा. मालवणहून कुडाळच्या वाटेवर हा १५३० साली बांधलेला तलाव आहे, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याची नोंद झाली. काठावर भगवतीचं मंदिर, भोवती दाट झाडी आणि गारवा. दर्यावर कंटाळलेल्या सासूबाई इथे खुलल्या. पायऱ्यांवर मुलांचा हात सोडू नका.

परतीच्या दिवशी गाडीला वेळ असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला नक्की थांबा. ठाकर आदिवासी कला आंगण हे तिथलं छोटं संग्रहालय. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या लोककलेची, जुनी चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीच्या दोऱ्या कुठल्या बोटाला बांधतात ते मुलांना जवळून बघता येतं. खेळ बघायचा असेल तर आधी फोन करून विचारा. गाडीत चघळायला मालवणी खाजा घेतलात तर मुलांसाठी आधी एक तुकडा चाखून बघा. गुळात आलं जास्त पडलेलं असेल तर त्यांना झोंबतो, मग त्यांच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू घ्या.