तुम्ही विचारलंत म्हणून : आर्नोल्डचं जर्मन कोण बोलतं?

मी जर्मन शिकवते. प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी घरी एखादा सिनेमा जर्मन ऑडिओवर लावतं आणि दुसऱ्या दिवशी विचारतं, "मॅडम, श्वार्झनेगर ऑस्ट्रियाचा ना? म्हणजे जर्मन त्याची मातृभाषाच झाली. मग जर्मनीत त्याला आवाज दुसऱ्याचा का?" वर्गात मी दोन वाक्यांत उरकते, कारण पुढे विभक्ती वाट बघत असतात. पण उत्तर दोन वाक्यांचं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

तो 'दुसरा' म्हणजे टोमास डानेबेर्ग. जन्म बर्लिनचा, 2 जून 1942. 30 सप्टेंबर 2020 रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेला. पडद्यावरही त्याने कामं केली, पण रस्त्यात चेहऱ्यावरून त्याला ओळखणारे थोडेच असतील. तोंड उघडलं की मात्र गोष्ट वेगळी. आर्नोल्ड श्वार्झनेगर, सिल्व्हेस्टर स्टॅलोन, टेरेन्स हिल, जॉन ट्रॅव्होल्टा, डॅन अ‍ॅक्रॉइड, निक नोल्टी, जॉन क्लीझ, आद्रियानो चेलेंतानो या सगळ्यांचा जर्मन आवाज हा एकच गृहस्थ होता. शिवाय डबिंगचे संवाद लिहायचे आणि दिग्दर्शनही करायचं, हे उद्योग होतेच.

आता आर्नोल्ड. त्याचा जन्म 1947 चा, ग्राझजवळच्या थाल गावातला. हा भाग श्टायरमार्क प्रांतात येतो आणि तिथली बोली चांगली ठसठशीत आहे. इंग्रजी ऐकणाऱ्याला आर्नोल्डचा हेल परका आणि यंत्रासारखा वाटतो. 'टर्मिनेटर'ला तो फायद्याचाच ठरला. पण तोच माणूस जर्मन बोलला, की हँबुर्ग-बर्लिनच्या प्रेक्षकाला यंत्र ऐकू येत नाही, डोंगराकडच्या गावचा माणूस ऐकू येतो. भविष्यातून आलेला निर्विकार मारेकरी अस्सल मालवणीत धमकी द्यायला लागला, तर आपल्या थिएटरात काय होईल? मालवणीत काही कमी आहे म्हणून नव्हे. त्या बोलीला गाव असतं, आई असते, आणि टर्मिनेटरला यातलं काहीच असून चालत नाही. जर्मन डबिंगची भाषा रंगभूमीवरच्या प्रमाण जर्मनच्या वळणाची असते. बोली येते ती मुद्दाम, बहुधा हसवायला.

आर्नोल्डला स्वतःला जर्मनमध्ये बोलायचं होतं, पण 'तू शेतकऱ्यासारखा वाटतोस' म्हणून नकार मिळाला, असा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. किस्सा चटकदार आहे. पण गंमत अशी, की इंग्रजीतही सुरुवातीला त्याच्या वाट्याला हेच आलं होतं. 1970 च्या त्याच्या पहिल्या सिनेमात, न्यू यॉर्कमध्ये उतरलेल्या हर्क्युलिसच्या भूमिकेत, मूळ प्रदर्शनाच्या वेळी त्याचे इंग्रजी संवाद दुसऱ्याच नटाच्या आवाजात होते. म्हणजे हा प्रश्न फक्त जर्मन लोकांच्या नखऱ्यांचा नाही. आणि एकदा 'कोनन' आणि 'टर्मिनेटर'पासून डानेबेर्गचा आवाज त्या देहाला चिकटला, की मग खरा आर्नोल्ड येऊन बोलला असता तरी प्रेक्षकांनी 'हा कोण?' असंच विचारलं असतं.

मला स्वतःला यापेक्षा टेरेन्स हिलचं प्रकरण जास्त आवडतं, आणि ते कुणी विचारत नाही. टेरेन्स हिल म्हणजे इटालियन नट मारिओ जिरोत्ती, जन्म व्हेनिसचा, 1939 चा. आई जर्मन. लहानपणाची काही वर्षं ड्रेस्डेनजवळ लोमात्श नावाच्या छोट्या गावात गेलेली. म्हणजे यालाही जर्मन येत होतं. साठच्या दशकात तो जर्मन निर्मात्यांच्या वेस्टर्नपटांत चमकलाही. पुढे बड स्पेन्सरबरोबर त्याची जोडी जमली, ठोसे आणि शेंगांच्या पातेल्यांचे ते सिनेमे जर्मनीत तुफान चालले, आणि त्यांतला जर्मन टेरेन्स हिल बहुतेक वेळा डानेबेर्गच. आता 'मूळ आवाज' शोधायला जा. त्या काळी इटलीत सिनेमे सेटवरचा आवाज न घेता चित्रित होत, नट आपापल्या सोयीच्या भाषेत बोलत आणि आवाज मागाहून भरत. हिलचा इटालियन आवाजसुद्धा कित्येक सिनेमांत पिनो लोक्की या डबिंग कलाकाराचा आहे! मग जर्मन आवृत्ती नकली कशी म्हणायची? अस्सल होतं कुठे?

उलट या जर्मन आवृत्त्या कधीकधी मुळापेक्षा खमंग निघाल्या. राइनर ब्रांट नावाचा एक डबिंग लेखक-दिग्दर्शक होता, स्वतः नटही. त्याने या सिनेमांना आणि रॉजर मूर-टोनी कर्टिसच्या एका ब्रिटिश मालिकेला वात्रट, टपोरी जर्मन दिलं. मुळात नसलेले विनोद घातले. नटाची पाठ वळली, ओठ दिसेनासे झाले, की तेवढ्यात एक टोमणा घुसवायचा. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही, मलाही तत्त्वतः रुचत नाही, पण ऐकताना हसू येतं त्याला काय करणार. असलं जर्मन पेलायला जीभ हलकी लागते, आणि डानेबेर्गची होती. ज्या घशातून स्टॅलोनच्या रॅम्बोचं गुरगुरणं यायचं, त्यातूनच हिलचा तो उडता, खट्याळ पोरगाही यायचा.

हे काम चालतं कसं, तेही सांगते. आधी संवादांचं कच्चं, शब्दशः भाषांतर होतं. मग संवादलेखक ते ओठांवर बसवतो. पडद्यावर नटाचे ओठ मिटले, तर तिथे प, ब, म यांपैकी एखादा ओष्ठ्य वर्ण यायलाच हवा. अर्थ, लांबी आणि ओठ या तिघांची मर्जी सांभाळताना पहिल्यांदा अर्थाला मुरड पडते. नंतर सिनेमाचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात, त्यांना टेक म्हणतात. पूर्वी फिल्मचा तेवढाच तुकडा गोल जोडून पुनःपुन्हा फिरवत. आता काम संगणकावर चालतं. पूर्वी दोघं-तिघं नट एका माइकसमोर उभे राहून एकमेकांना उत्तरं द्यायचे, आता बहुतेक जण एकेकटे येऊन आपले टेक देऊन जातात. सिनेमाच्या क्रमानेही नाही, स्टुडिओच्या सोयीने. मरणाचा प्रसंग सकाळी, प्रेमाचा दुपारी. अख्ख्या भूमिकेचा चढउतार दिग्दर्शकाच्या डोक्यात असतो आणि नटाला तो त्या क्षणी, अंधाऱ्या खोलीत, सहकलाकाराशिवाय उभा करायचा असतो.

बर्लिन या धंद्याचं माहेरघर. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांचे सिनेमे पश्चिम जर्मनीत येऊ लागले, 1949 मध्ये वेन्झेल ल्यूडेकेने 'बर्लिनर सिंक्रोन' काढली, आणि रंगभूमीवरच्या नटांना रोजच्या भाकरीची एक सोय झाली. डबिंगची ताकद किती, हे कळायला 'कासाब्लांका' या नाझीविरोधी हॉलिवूडपटाची पहिली जर्मन आवृत्ती पुरेशी आहे. 1952 मध्ये त्यातले नाझी कापून टाकले आणि प्रतिकार चळवळीचा नेता चक्क नॉर्वेचा भौतिकशास्त्रज्ञ झाला! धड आवृत्ती यायला 1975 उजाडावं लागलं.

"पण मॅडम, बिचाऱ्याचा चेहरा कुणाला माहीत नाही," हा पुढचा प्रश्न. मला ही कीव पटत नाही. 1984 मध्ये 'गेहाइमकोड : विल्डगेन्झे' नावाचा भाडोत्री सैनिकांचा एक मारधाडपट आला. दिग्दर्शक आंतोनिओ मार्गेरिती, नायक लुइस कॉलिन्स, सोबत क्लाउस किन्स्की. त्यात डानेबेर्ग चक्क पडद्यावर आहे, आणि मान्फ्रेड लेमानही. लेमान म्हणजे पुढे ब्रूस विलिसचा जर्मन आवाज झालेला नट. सिनेमा मिळाला तर बघा, नाही बघितला तरी फार बिघडत नाही. बंदूक घेऊन धावणारे बरेच असतात. आणि गंमत म्हणजे, 'डाय हार्ड'च्या 1995 च्या तिसऱ्या भागात विलिसला आवाज लेमानने नव्हे, डानेबेर्गने दिला.

आता 2010 चा 'द एक्स्पेंडेबल्स' लावा. चर्चमधला प्रसंग आहे. स्टॅलोन, विलिस आणि श्वार्झनेगर समोरासमोर उभे राहून एकमेकांना टोचून बोलतात. जर्मन आवृत्तीत विलिस लेमान आहे, आणि बाकीचे दोघे डानेबेर्ग. माणूस स्वतःलाच टोमणे मारतोय आणि स्वतःच उत्तर देतोय! आर्नोल्ड आखूड आणि कोरडा, स्टॅलोन जड, शब्द खालच्या ओठावर रेंगाळणारा. शिवाय तिसऱ्यालाही त्याने एकदा आवाज दिलेलाच. जर्मन शिकणाऱ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम ऐकायला सांगते.

हिशेबाचंही सांगते, कारण तेही विचारता. पैसे ठरतात ते साधारणपणे स्टुडिओत येण्याचे आणि वर टेकच्या संख्येवर. सिनेमाने नंतर कितीही कमावले तरी त्याचा याच्याशी संबंध नसे. जॉनी डेपच्या समुद्री चाचेपटांच्या पहिल्या तीन भागांना आवाज देणारा मार्कुस ओफ यावरून न्यायालयात गेला, आणि 2012 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला : मुख्य भूमिकेचं डबिंग हे किरकोळ काम म्हणून बाजूला सारता येत नाही. मला वाटतं, या क्षेत्रातल्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा हे वाक्य मोठं आहे. आपल्याकडे हिंदी 'बाहुबली'तला प्रभास शरद केळकरांच्या आवाजात बोलतो, हे निदान लोकांना माहीत असतं आणि त्याचं कौतुकही होतं. तिथे पोस्टरवर आवाजाचं नाव शोधूनही सापडत नाही.

शेवटच्या काळात प्रकृतीमुळे डानेबेर्गने काम थांबवलं. मग 2019 च्या 'टर्मिनेटर'मध्ये आर्नोल्डसाठी बेर्न्ड एगर आला. आणि त्याच वर्षीच्या 'रॅम्बो'त स्टॅलोनसाठी युर्गन प्रोखनो, 'दास बोट'मधल्या पाणबुडीचा तो कप्तान. प्रोखनोला हे काम नवं नव्हतं : 'रॉकी'च्या पहिल्या दोन भागांत स्टॅलोनचा जर्मन आवाज त्याचाच होता. 'दास बोट'नंतर तो परदेशी सिनेमांत गेला आणि ती जागा डानेबेर्गकडे आली. चाळीसेक वर्षांनी ती परत प्रोखनोकडे गेली तेव्हा स्टॅलोन म्हातारा झाला होता, प्रोखनोही. पण डानेबेर्गच्या रॅम्बोवर वाढलेल्या जर्मन प्रेक्षकांना हा जुनाच आवाज नवखा वाटला असणार.