स्प्रिंग तुटली तो दिवस

2025 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत मोटार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेनं जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून दीड मैलापेक्षा लहान ट्रॅकवर आणि रोड कोर्सवर, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेल्या मार्गावर, तिच्या सगळ्यांत वरच्या कप मालिकेच्या इंजिनांना 670 ऐवजी 750 हॉर्सपॉवर मिळणार. बाहेरच्यांसाठी ही एका ओळीची बातमी होती. आमच्या इंजिन शॉपमध्ये त्या एका ओळीनं सगळ्यांची झोप उडवली.

मी अमेरिकेत, शार्लट शहराच्या उत्तरेला मूर्सव्हिलमध्ये काम करते. मूळची कोल्हापूरची. बाबांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं शॉप होतं, त्यामुळे कटिंग ऑइलचा वास माझ्या दप्तरालाही यायचा. शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंग शिकले आणि इथंच रुजले. माझ्याकडे व्हॉल्व्हट्रेन असते, म्हणजे कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंत जे जे हलतं ते सगळं.

हे इंजिन म्हणजे 358 क्युबिक इंचांचं, सुमारे 5.87 लिटरचं व्ही-8. ब्लॉक बिडाचा, व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, तिथून पुशरॉड वर जातात, रॉकर हलवतात आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, एक हवा आत घेणारा (इनटेक) आणि एक धूर बाहेर टाकणारा. नोकरी लागल्यावर मी फोनवर हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, मग हे आमच्या अ‍ॅम्बेसेडरचंच इंजिन की!" रचनेपुरतं ते खरंच होतं. ते वाक्य मला पुढं दोन वर्षं टोचत राहिलं. बरोबर शिकलेली मुलं फॉर्म्युला वनच्या हायब्रिड इंजिनांवर काम करत होती आणि मी टॅपेटचं अंतर मोजत होते.

त्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही ज्यांच्यासाठी इंजिनं बांधतो त्या मोटार कंपनीची माणसं येणार होती. पुढच्या दहा वर्षांत नॅस्कारचं इंजिन कसं असावं, याबद्दल कंपनीला आपलं मत ठरवायचं होतं. शॉपची बाजू मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या उत्साहानं बावीस स्लाइड केल्या. सातव्या स्लाइडवर ठळक अक्षरांत होतं: पुशरॉड व्हॉल्व्हट्रेन आपल्या मर्यादेला पोचली आहे.

सकाळी सातला आम्ही नव्या 750 च्या जुळणीची चाचणी लावली. स्पिनट्रॉन नावाचं मशीन असतं. त्यात इंजिनाला इंधन, ठिणगी काही नसतं, एक मोठी इलेक्ट्रिक मोटर क्रँक फिरवते. लेझर व्हॉल्व्हवर रोखलेला असतो, आणि व्हॉल्व्ह बसताना किती उसळला ते पडद्यावर दिसतं. क्रँक मिनिटाला नऊ हजार फेरे घेते तेव्हा कॅम साडेचार हजार घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचाहत्तर वेळा उघडतो आणि मिटतो. त्या वेगानं तीन तास चाललं, तर एका स्प्रिंगची आठ लाख दहा हजार वेळा उघडमीट होते. स्प्रिंग थोडी जरी दमली, तरी व्हॉल्व्ह कॅमच्या मागं पडतो, पिस्टनच्या वाटेत येतो आणि सगळं संपतं.

मशीनवर माझ्याबरोबर आमचा जुना मशीनिस्ट होता. साठी उलटलेली, कार्बोरेटरच्या काळापासूनचा माणूस. शॉपमध्ये सगळे त्याला पहिल्या नावानं हाक मारतात, मीही मारते. मनात मात्र ते माझे मिस्त्री आहेत, आणि मराठीत लिहिताना "तुम्ही" शिवाय दुसरं काही सुचत नाही. कप मालिकेत 2011 पर्यंत कार्बोरेटर होता. फ्युएल इंजेक्शन आलं 2012 मध्ये, रस्त्यावरच्या गाड्यांनी कार्बोरेटर टाकून दिल्यावर वीसेक वर्षांनी. मिस्त्रींनी दोन्ही बांधलेत. 2015 मध्ये कॅमवर घासणाऱ्या सपाट टॅपेटच्या जागी कॅमवर फिरणारे रोलर आले, तेही त्यांच्याच हातांखालून गेले.

दोन वाजायच्या सुमारास मिस्त्रींनी मान वर केली. "सातव्यात काहीतरी आहे," म्हणाले. पडद्यावर सगळं हिरवं होतं. मी तसं सांगतच होते, तेवढ्यात सातव्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हची रेघ फाटल्यासारखी झाली. मशीन थांबवलं. कव्हर काढलं तर बाहेरची स्प्रिंग दोन तुकडे होऊन पडलेली. आतल्या स्प्रिंगनं कसाबसा व्हॉल्व्ह धरून ठेवला होता.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. माझ्या सातव्या स्लाइडला पुरावा मिळाला होता. नवी शक्ती दिली आणि जुनी रचना मोडली. मी फोन काढून तुकड्यांचा फोटोसुद्धा घेतला.

मिस्त्रींनी तुकडे हातात घेतले नाहीत. चिमट्यानं उचलून, पुसून मायक्रोस्कोपखाली ठेवले आणि मला बोलावलं. थकव्यानं तुटलेल्या पोलादाचं तोंड वाचता येतं. तडा जिथून सुरू होतो तिथून शिंपल्यावरच्या रेघांसारख्या रेघा पसरत जातात. त्या रेघा उलट्या मोजत गेलं की मूळ जागा सापडते. इथं त्या जागेवर एक ओरखडा होता. केसाएवढा, तारेला आडवा आणि चकचकीत.

"हा चालताना पडलेला नाही," मिस्त्री म्हणाले.

मग आम्ही शोधत बसलो. या स्प्रिंगच्या तारेवर बारीक छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट केलेला असतो, तडा सुरूच होऊ नये म्हणून. त्यावर एक ओरखडा पडला तर सगळी मेहनत वाया. सव्वातीनला सापडलं. स्प्रिंगचा दाब मोजायचं जे फिक्स्चर आहे, त्याच्या एका कडेला नखाला लागेल न लागेल असा बर, म्हणजे धातू कापताना कडेला उरलेला टोकदार कंगोरा, होता. आदल्या आठवड्यात ते फिक्स्चर मीच बदलून घेतलं होतं आणि कडा तपासल्या नव्हत्या. उद्यमनगरात बाबा कुठलाही भाग हातात घेतला की आधी कडेवरून अंगठा फिरवायचे. ते बघत मी लहानाची मोठी झाले.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "ओव्हरहेड कॅम असता तरी ही स्प्रिंग तुटलीच असती." म्हणजे कॅम ब्लॉकच्या पोटात नसून वर, सिलिंडरच्या झाकणात, हेडमध्ये असता तरी.

चार वाजता पाहुणे आले. फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो दाखवून स्लाइड सात मांडली असती तर कुणीही हटकलं नसतं, आणि माझं म्हणणं दहा मिनिटांत पटलं असतं. मी स्लाइड सात काढून टाकली आणि सुरुवातीलाच सांगितलं की आज दुपारी चाचणीत स्प्रिंग तुटली, कारण आमच्या फिक्स्चरची कडा, दोष रचनेचा नाही.

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे इंजिन बदलायची गरज नाही, असं तुमचं मत आहे का?"

खरी कसोटी तिथं होती. बदल व्हावा असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण जुनं म्हणजे दुबळं, हे कारण माझ्या हातून गेलं होतं, आणि ते खोटंच होतं. पुशरॉडची रचना अजूनही सोयीची आहे. कॅम खाली असल्यामुळे हेड बुटकं राहतं, इंजिन छोटं होतं, वजन जमिनीजवळ बसतं. शेवरोले आजही कॉर्व्हेट स्टिंगरेत पुशरॉडचं व्ही-8 विकते, आणि ते घेणारे लोक संग्रहालयातली वस्तू म्हणून घेत नाहीत.

मग मी जे बोलले ते स्लाइडवर नव्हतं.

मी पहिल्या शर्यतीपासून सुरुवात केली. 19 जून 1949 ला इथंच, शार्लटमध्ये, नॅस्कारची पहिली "स्ट्रिक्टली स्टॉक" शर्यत झाली. दुकानातून घेतलेली गाडी जशीच्या तशी पळवायची, हा नियम. ग्लेन डनअवे सगळ्यांच्या पुढं आला, पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या सापडल्या. चोरटी दारू वाहून नेणाऱ्या गाड्यांत तशी युक्ती करायचे. त्याला बाद केलं आणि लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला विजेता ठरवलं. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. या खेळातला पहिला वादच मुळी स्प्रिंगवरून झाला, आणि मुद्दा होता शर्यतीच्या गाडीचं रस्त्यावरच्या गाडीशी काय नातं असावं.

तो मुद्दा आज कुठं येऊन ठेपलाय? टोयोटा 2007 मध्ये कप मालिकेत आली तेव्हा तिला फक्त शर्यतीसाठी पुशरॉडचं व्ही-8 बांधावं लागलं. 2025 पासून अमेरिकेत कॅमरी मिळते ती फक्त हायब्रिड, चार सिलिंडरची. फोर्ड मस्टँगमध्ये व्ही-8 विकते, पण ओव्हरहेड कॅमचं, सिलिंडरला चार व्हॉल्व्हचं. शेवरोले ज्या कॅमारोच्या रूपात पळते ती गाडी 2024 नंतर बनतच नाही. तिन्ही नावांखाली शर्यतीत जे इंजिन गरगरतं ते त्या नावाच्या शोरूममधल्या गाडीत मिळत नाही. मग शर्यतीत शिकलेलं कंपनीनं घरी काय न्यायचं? प्रायोजकांचे पैसे आणि तरुण इंजिनिअर या खेळात कशासाठी यावेत? बदलाचं खरं कारण हे आहे.

आणि बदलाची भीती बाळगणाऱ्यांना मी सांगते, हा खेळ सांगितला जातो तेवढा हट्टी नाही. 2007 मध्ये पेट्रोलमधलं शिसं गेलं. 2011 मध्ये पंधरा टक्के इथेनॉल आलं. 2022 मध्ये नेक्स्ट जेन गाडी आली, तिच्याबरोबर स्वतंत्र मागचं सस्पेन्शन, पाच गिअरचा, मागच्या चाकांजवळ बसणारा आणि गिअर क्रमानंच बदलणारा सिक्वेन्शियल ट्रान्सअ‍ॅक्सल आणि पाच नटांऐवजी मधोमध एकच नट असलेलं अठरा इंची चाक. प्रेक्षक पळून गेले नाहीत. 2024 मध्ये शिकागोच्या रस्त्यांवरच्या शर्यतीच्या वेळी नॅस्कारनं तीन मोटरांची विजेवर चालणारी प्रायोगिक गाडीसुद्धा लोकांसमोर ठेवली.

नेक्स्ट जेनची एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि त्या खोलीत मी ती जोरानं मांडली. आता चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सगळ्या संघांना एकाच पुरवठादाराकडून घ्यावं लागतं. सस्पेन्शन, गिअरबॉक्स, चाकं, सगळं तसंच. खर्च आवरला, ठीक. पण डोकं चालवायला जी थोडी जागा उरली ती इंजिनात. त्यावरही टेपर्ड स्पेसर बसतो, म्हणजे थ्रॉटल बॉडी आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मधली निमुळत्या भोकांची चकती, जी हवा कोंडते. 2019 मध्ये मोठ्या ट्रॅकवर 550 हॉर्सपॉवर होती, कारण गाड्या घोळक्यानं पळाव्यात. लहान ट्रॅकवर शक्ती कमी आणि टायर पकड धरणारे असले की चालकाला वेग कमी करायला पेडलवरचा पाय उचलावाच लागत नाही, आणि पाय कधी उचलायचा हेच तर त्याचं कसब. म्हणून 750 चा निर्णय मला मनापासून आवडला. त्यात एकही नवं तंत्र नाही. चकतीची भोकं मोठी केली आणि चालकाच्या हातात काम परत दिलं.

माझी मागणी मी मांडली ती अशी. व्ही-8 राहू दे. इंधन आधी बदला, अक्षय स्रोतातून बनलेलं आणा. रोड कोर्स आणि लहान ट्रॅकसाठी छोटी हायब्रिड जोड द्या, इंडीकार या दुसऱ्या अमेरिकी शर्यत मालिकेनं 2024 च्या हंगामाच्या मध्यावर केलं तसं. आणि हेडचा नियम सैल करा. कुणाला चार व्हॉल्व्ह हवेत तर बनवू दे, कुणाला पुशरॉड हवेत तर राहू दे. शक्तीला मर्यादा आहेच, मग वाट एकच कशासाठी?

बाईंनी बरंच लिहून घेतलं. त्यांच्याबरोबरचा तरुण म्हणाला की दोन रचनांत समतोल राखणं महाग पडेल, रोज भांडणं होतील. ते खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

पाहुणे गेल्यावर मी खाली आले. शॉपमध्ये एक भिंत आहे, तिच्यावर तुटलेले भाग चिठ्ठीसकट टांगलेले असतात: तारीख, किती वेळ चालला, कारण. मिस्त्रींनी स्प्रिंगचे तुकडे आधीच तारेत ओवले होते. चिठ्ठी माझ्यासाठी कोरी ठेवली होती. मी मराठीत "बर" लिहिलं, मग खोडून सगळ्यांना कळेल असं इंग्रजीत लिहिलं, आणि खाली माझी सही केली.

तोवर त्यांनी ऑइलस्टोननं घासून फिक्स्चरची कडा गुळगुळीत केली होती. नवी स्प्रिंग आम्ही दोघांनी मिळून तपासली. या वेळी सगळ्या कडांवरून अंगठा मी फिरवला. आठ वाजता स्पिनट्रॉन पुन्हा सुरू केलं. मिस्त्री घरी गेले नाहीत, स्टूल ओढून मशीनच्या काचेशी बसले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. अकरा वाजून गेल्यावर मोटर आपोआप उतरत्या वेगात आली तेव्हा सोळाच्या सोळा व्हॉल्व्हच्या रेघा सरळ होत्या. कोल्हापुरात तेव्हा सकाळ झाली होती. मी बाबांना फोन लावला.