पेडर रोडवरची दुपार

आज आईला घेऊन पेडर रोडच्या गुलशन महालात गेले, चित्रपट संग्रहालय बघायला. मूकपटांच्या दालनात आई बराच वेळ रेंगाळली. तिथून निघाल्यापासून माझ्या डोक्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई आहेत. १९१३ साली ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात दुर्गाबाई पार्वती झाल्या, लेक मोहिनी. पुरुषच साडी नेसून बायकांची कामं करायचे तेव्हा! कमलाबाई म्हणजे अभिनेते विक्रम गोखले यांच्या आजी, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ओळख खरं तर उलटी व्हायला हवी ना? कमलाबाईंचे नातू म्हणून विक्रमजी, असं.

आणि दुर्गा खोटे! चांगल्या घरातली, कॉलेजात शिकलेली मुलगी पडद्यावर येते म्हणून लोक किती बोलले असतील. १९३२ ला प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती होत्या, १९६० ला ‘मुघल-ए-आझम’मध्ये जोधाबाई. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची निर्मिती संस्था. दूरदर्शनवरचं ‘वागळे की दुनिया’ त्याच संस्थेचं, हे आईला टॅक्सीत सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. इतकी वर्षं आवडीने बघितलेली मालिका!

नट्यांबद्दल लिहिताना आपण लग्नं, अफेअर्स, साड्या यांवरच थांबतो याचा मला मनापासून राग येतो. दुर्गा खोटेंना १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला होता. तुमच्या घरातल्या मुलींना त्यांचं नाव माहीत आहे का, विचारून बघा आणि इथे सांगा.