फोटो नासत नाहीत

रात्री साडेदहाला आई घरभर एक फेरी मारते. गॅसचा कॉक, गॅलरीचं दार आणि शेवटी माझ्या टेबलाखालचा स्विच. तिथे हार्ड डिस्क निळा दिवा लुकलुकवत बसलेली असते.

"कुणी वापरत नाहीये ना? मग कशाला चालू?" खट्.

"अगं, फ्रिज बंद करतेस का रोज रात्री?"

"फ्रिजमध्ये दूध असतं."

"ह्यात फोटो आहेत."

"फोटो नासत नाहीत."

नासतात, फक्त वास येत नाही. पण हे तिला कोण सांगणार?

मग मी तिला आकड्यांनी गप्प करायला गेलो. डिस्कच्या आतली तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे दिवसभरात एक कोटीच्या वर फेऱ्या. काठाचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटर, आणि वाचणारं हेड तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतकंही लांब नसतं. एवढं असून डिस्क फिरण्याने फारशी दमत नाही, उठताना दमते. एरवी पाचेक वॅटवर भागणारी ही बया सुरू होताना वीस-पंचवीस वॅट ओढते. डिस्क थांबताना हेड बाजूला जातं, सुरू होताना परत येतं; हे किती वेळा झेपेल, याचा आकडाही कंपन्या देतात. बऱ्याच डिस्कना तो तीन लाख असतो.

इथेच फसलो. आईने रोज एकदा बंद केली तर तीन लाख व्हायला आठशे वर्षं लागतील! आणि वीज वाचवायची म्हणून दहा मिनिटांत डिस्क झोपवायचं सेटिंग लावलं होतं कुणी? मीच. दिवसातून तीस-चाळीस वेळा तिला मीच उठवत होतो.

तक्रारीला जागा उरली ती एकच. फाइल अर्धी लिहून झालेली असताना वीज तोडली, तर ती अर्धीच राहते. हेडला मात्र काही होत नाही. तबकडीच्या उरलेल्या गतीवर मोटरच थोडी वीज तयार करते आणि तेवढ्यावर डिस्क हेड बाजूला नेऊन ठेवते. चूल विझल्यावर निखाऱ्यांवर दूध तापवावं, तसं. हे आईला फार आवडलं.

सेटिंग मी काढून टाकलं. आता साडेदहाला हाक येते, "तुझं ते निळं झालं का?" मी इजेक्ट करतो. ती वाकून डब्यावर तळहात ठेवते.

"थांब, अजून घुमतंय."