भाणात किती पाणी मावते?

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात न्हाणीच्या चुलीवर तांब्याचे एक भाण, म्हणजे पाणी तापवायचे गोल भांडे, बसवलेले आहे. चवथीला घर माणसांनी भरणार असल्यामुळे एका वेळी किती पाणी तापते हे ठरवायचे होते, आणि तांब्या तांब्या ओतून मोजण्यापेक्षा घनफळ काढणे सोपे जाईल असे मला वाटले. भाणाचे पोट जवळजवळ चेंडूसारखे गोल असल्यामुळे गोलाचे सूत्र लागू पडणार होते: त्रिज्येचा घन, गुणिले पाय (π), गुणिले चार तृतीयांश.

नववीत शिकणारा भाचा मदतीला होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, त्रिज्या मोजायची कुठून? मधला बिंदू तर हवेत आहे." मी दोन बाजूंना दोन फळ्या उभ्या धरून त्यांतले अंतर मोजले. ते 42 सेंटिमीटर भरले आणि मी घाईघाईने तोच आकडा सूत्रात घातला. उत्तर आले 310 लिटर, म्हणजे मागील दारच्या 200 लिटरच्या पिंपापेक्षाही आमचे भाण मोठे! त्रिज्येच्या जागी व्यास घातला की उत्तर दुप्पट नव्हे, आठपट होते, हे शाळेत शिकूनही मी विसरलो होतो.

फळ्या नीट उभ्या होत्या की नाही याची शंका असल्यामुळे मग सर्वांत फुगीर भागाभोवती सुतळी गुंडाळली. भाणाला पोचे असल्याने तीनदा मोजून 131, 133 आणि 132 सेंटिमीटर असे आकडे मिळाले, त्यांची सरासरी 132 धरली. परिघाला पायच्या दुपटीने भागल्यावर (पाय 22/7 धरून) त्रिज्या 21 सेंटिमीटर आली. तिचा घन 9261, आणि घनफळ 38,808 घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारे 38.8 लिटर.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या 'लीलावती'तील रीत या कामाला अधिक सोयीची आहे, असे माझे मत झाले. तिच्यात वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, आणि त्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ, असे सांगितले आहे. सुतळी हातात असलेल्या माणसाला ते पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास एवढ्यावरच मिळते: 132 गुणिले 42, म्हणजे 5544. त्याला 42 ने गुणून सहाने भागायचे म्हणजे नुसते सातने गुणायचे, की तेच 38,808. घन काढण्याची कटकट नाही.

मात्र सुतळी बाहेरून फिरते आणि पाणी आत असते. पत्र्याची जाडी दोन मिलिमीटर भरली, म्हणून आतली त्रिज्या 20.8 धरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा 37.7 लिटर आले. एवढ्याशा जाडीने लिटरभराहून अधिक पाणी खाल्लेले पाहून भाच्याला ते खरेच वाटेना. त्याने त्रिज्या 22 धरून पाहिली, तर उत्तर 44.6 वर गेले. त्रिज्येत शेकडा पाचाच्या आतबाहेर चूक झाली, तर घनफळात ती शेकडा पंधरा होते.

शेवटी त्याच्या हट्टाखातर लिटरच्या मापाने भाण गळ्याच्या खालच्या कडेपर्यंत भरलेच. 36 मापे मावली आणि वर अर्धा तांब्या. तळ थोडा बसका आहे आणि गळ्यापाशी गोलाची टोपी कापली गेली आहे. राहिलेला फरक तेवढ्याचा.