एथेल बॅरीमोरच्या मागे मागे: न्यूयॉर्कमधली एक पायपीट

न्यूयॉर्कला जाऊन स्टॅच्यू ऑफ लिबर्टी नाही बघितला?? हे आल्यापासून प्रत्येकाने विचारून झालंय, तर नाही बघितला, बोटीची रांग बघूनच पोटात गोळा आला. त्याऐवजी मी एका नटीच्या मागावर मिडटाऊनमधून पस्तिसाव्या रस्त्यापासून सत्तेचाळिसाव्यापर्यंत चालत गेले. एथेल बॅरीमोर. ड्रू बॅरीमोर माहितीय ना, ईटीमधली छोटी मुलगी, तिच्या आजोबांची ही मोठी बहीण, म्हणजे ड्रूची आत्याआजी. पण १९०१ ते १९४० च्या दरम्यान ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या रस्त्याभोवतीच्या व्यावसायिक नाटकांच्या दुनियेत, बॅरीमोर म्हटलं की आधी हीच आठवायची, भाऊ नंतर.

आता हिच्यातच मला इंटरेस्ट का, तर एक म्हणजे मी स्वतः हौशी नाटकांत कामं करते, आणि दुसरं म्हणजे हिचा बाप हिंदुस्तानात जन्मला होता. खरंच! मॉरिस बॅरीमोर, मूळ नाव हर्बर्ट ब्लाइद, वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. शिकायला इंग्लंडला पाठवला तर पठ्ठ्या बॉक्सिंग करायला लागला आणि मग नाटकात शिरला, आणि घराण्याच्या अब्रूचा प्रश्न नको म्हणून आडनावच बदललं. हे वाचलं तेव्हा अगदी आपल्याकडचीच गोष्ट वाटली. आईकडून मात्र उलट, ड्रू घराणं पिढीजात नाटकवालं, आजी लुइसा ड्रू फिलाडेल्फियाचं आर्च स्ट्रीट थिएटर स्वतः चालवायची, त्या काळात एक बाई मॅनेजर! एथेल १८७९ ची, आई टीबीने गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि पुढच्याच वर्षी ती स्टेजवर उभी होती. म्हणे तिला पियानिस्ट व्हायचं होतं. पोट भरायला नाटक.

दीर शेजारच्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो, तिथून ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन. जाऊबाई आणि मुलं मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात घुसली, मी सुटले. मेसीजच्या वरच्या अंगाला पस्तिसावा रस्ता, सिक्स्थ अव्हेन्यू ओलांडला की इथे गॅरिक थिएटर होतं. आता काहीही नाही, १९३० च्या दशकातच पाडलं. दुकानं, मालाचे ट्रक, एक माणूस रिकामी खोकी चपटी करत बसलेला. पण ४ फेब्रुवारी १९०१ ला इथेच 'कॅप्टन जिंक्स ऑफ द हॉर्स मरीन्स' लागलं आणि एकवीस वर्षांची एथेल स्टार झाली, आणि काही दिवसांनी थिएटरबाहेर तिचं नाव विजेच्या दिव्यांत लागलं. त्याआधी फिलाडेल्फियात याच नाटकाच्या प्रयोगात ती इतकी घाबरली होती की आवाजच फुटेना, तेव्हा वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं म्हणे, अगं मोठ्याने बोल पोरी, तुम्ही ड्रू लोक सगळे चांगले नट असता! घराणं माहिती असलेला प्रेक्षक म्हणजे काय ते बघा.

याच नाटकाच्या दिवसांत, मार्च १९०१ मध्ये, बापाचं डोकं फिरलं, चालू प्रयोगात तो भलतंच काहीतरी बडबडायला लागला आणि त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. १९०५ मध्ये तो इस्पितळातच वारला. इकडे पोरीचं नाव दिव्यांत, तिकडे बाप वेड्यांच्या इस्पितळात, आणि रोज संध्याकाळी हलकीफुलकी कॉमेडी करायची. मी त्या खोकीवाल्याच्या बाजूला उभी राहून हाच विचार करत होते, तो बिचारा माझ्याकडे संशयाने बघायला लागला म्हणून निघाले.

ब्रॉडवेने वर चालत चाळिसाव्या रस्त्यावर आलं की एम्पायर थिएटरची जागा. हेही गेलं, १९५३ मध्ये पाडलं. चार्ल्स फ्रोहमन नावाच्या निर्मात्याचं हे मुख्य ठाणं आणि एथेलला स्टार करणारा माणूस हाच, १९१५ मध्ये लुसिटानिया बोट बुडाली त्यात तोही गेला. एम्पायरमध्ये ६ ऑक्टोबर १९१९ ला एथेलचं 'डिक्लासे' लागलं, तुफान चाललं. पण मला नाटकापेक्षा त्याच्या आधीचे दोन महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये ब्रॉडवेच्या नटांनी संप केला. तालमीचे पैसे नाहीत, आठवडेच्या आठवडे तालीम फुकट, नट्यांनी भारी कपडे बऱ्याचदा स्वतःच्या खर्चाने शिवायचे, आणि नाटक पडलं की कंपनी जिथे असेल तिथे सोडून देणार, परतीचं तिकीट तुमचं तुम्ही बघा. नटांची युनियन, अॅक्टर्स इक्विटी, १९१३ मध्येच निघाली होती पण निर्माते तिला धूप घालत नव्हते. शेवटी ७ ऑगस्टला नट बाहेर पडले. महिनाभर चाललं हे, आठ शहरांत पसरलं, सदतीस नाटकं बंद पडली आणि सोळा सुरूच होऊ शकली नाहीत. आणि एथेल, जिला यातून एक पैचाही फायदा नव्हता, तिला तर मागेल ते मिळत होतं, ती उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली, त्यांच्यासाठी लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरच्या थिएटरात जे मदतीचे खेळ लावले त्यात भाऊ लायोनेलसोबत कामही केलं. जॉर्ज कोहानसारखा लोकांचा लाडका नट मालकांच्या बाजूने होता हे लक्षात घ्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला निर्माते नमले. मला विचाराल तर तिचा सगळ्यात मोठा रोल हाच. आमच्या ग्रुपमध्ये तालमीला चहाचे पैसे कोण देणार यावर तास तास भांडणं होतात म्हणून मला हे जास्तच लागलं असेल.

इथून पुढे टाइम्स स्क्वेअरची गर्दी सुरू होते, एल्मो आणि स्पायडरमॅन बनून फिरणारे लोक फोटोचे पैसे मागतात, लक्ष देऊ नका, सरळ उजवीकडे चव्वेचाळिसाव्या रस्त्यात वळा. हडसन थिएटर. हे उभं आहे! १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये या थिएटरचा पडदा पहिल्यांदा वर गेला तो एथेलच्याच 'कझिन केट'वर. नंतर या वास्तूने काय काय सोसलंय, टीव्ही स्टुडिओ झाला (१९५४ मध्ये द टुनाइट शो हा टीव्हीवरचा गाजलेला कार्यक्रम इथूनच सुरू झाला), नाइटक्लब, मग हॉटेलचा कॉन्फरन्स हॉल, आणि २०१७ मध्ये परत नाटक. दार उघडं होतं, मी हळूच डोकावले तर लॉबीच्या छताला रंगीत काचेचे घुमट, खाली बॅगा तपासणारा गार्ड. तो म्हणाला तिकीट असेल तर ये. नव्हतं.

१९०४ मध्ये इथेच 'संडे' नावाचं नाटक झालं आणि त्यातलं तिचं एक वाक्य अमेरिकाभर गाजलं, 'एवढंच आहे, आणखी काही नाही'. नंतर प्रेक्षक टाळ्या थांबवेनात की ती पडद्यासमोर येऊन हेच म्हणायची आणि लोक खूश होऊन घरी जायचे. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, श्रीमंत घरच्या मुली तिच्यासारखं बोलायची, तिच्यासारखे केस बांधायची नक्कल करायच्या.

पंचेचाळिसाव्या रस्त्यावर लायसियम, हेही १९०३ चं, समोर जाडजूड खांब, दगडी नक्षी, आजूबाजूच्या काचेच्या इमारतींत हे एकच असं उठून दिसतं. वरच्या मजल्यावर डॅनियल फ्रोहमन, त्या चार्ल्सचा भाऊ, राहायचा आणि त्याच्या घरातून एक छोटं दार उघडलं की खाली थेट स्टेज दिसायचं. बायको मार्गारेट इलिंग्टन नटी, तिने जास्त अभिनय केला की हा वरून रुमाल हलवायचा अशी दंतकथा आहे. (माझ्या नवऱ्याला ही कल्पना फार आवडली. त्याला सांगायलाच नको होतं.) एथेलने १९०५ मध्ये इथे इब्सेनच्या 'अ डॉल्स हाऊस'मधली नोरा केली. त्याच वर्षी आपल्याकडे बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले होते आणि आपल्या नायिका पुरुषच करत होते, नवऱ्याचं घर सोडून दार आपटून जाणारी नोरा तर लांबच. पण अमेरिकेतही प्रेक्षकांना एथेल गोड, गालात हसणारीच हवी होती. म्हणजे त्या गोडव्यातून बाहेर पडायला तिला बरीच वर्षं लागली.

सेहेचाळिसावा रस्ता आणि सेव्हन्थ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर मात्र मान वर करा, प्लीज, कोणीच करत नाही. इथे आय. मिलर नावाच्या चपलाबुटांच्या दुकानदाराची इमारत आहे. हा पोलंडहून आलेला कारागीर, नाटकवाल्यांचे बूट करता करता मोठा झाला. त्याने लोकांकडून मतं मागवली की तुमची आवडती कलावती कोण, आणि जिंकलेल्या चौघींचे पुतळे भिंतीत बसवले. चित्रपटाची मेरी पिकफर्ड, ऑपेराची रोझा पोन्सेल, संगीत नाटकाची मॅरिलिन मिलर आणि गद्य नाटकाची आपली एथेल, 'हॅम्लेट'मधल्या ओफेलियाच्या वेशात. सोनेरी कोनाड्यांत पांढरेशुभ्र पुतळे. अनावरण कधी, तर ऑक्टोबर १९२९, म्हणजे शेअर बाजार कोसळला तोच महिना, टायमिंग बघा. ओफेलिया तिने केली होती १९२५ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी! मी फोटो काढत होते तर दोन बायका माझ्या बाजूला थांबून वर बघायला लागल्या, एक म्हणाली मला वाटलं वर कोणी आत्महत्या करतंय.

मग सत्तेचाळिसावा. कोपऱ्यावर पॅलेस थिएटर, इथे तिने व्होडव्हिलही, म्हणजे गाणी, नकला, छोट्या नाटुकल्या असे मिश्र करमणुकीचे खेळ, केलं, त्यात कमीपणा मानला नाही. हे अख्खं थिएटर अलीकडे जॅक लावून तीस फूट वर उचललंय, खाली दुकानं काढायला. जमीन महाग असली की माणूस काय करेल!

ब्रॉडवे ओलांडून आठव्या अव्हेन्यूकडे चाललं की एथेल बॅरीमोर थिएटर. शुबर्ट बंधूंनी तिला सांगितलं, आमच्याकडे ये, तुझ्या नावाचं थिएटर बांधतो, आणि खरंच बांधलं. २० डिसेंबर १९२८ ला उघडलं, नाटक 'द किंगडम ऑफ गॉड', त्यात ती नन, पहिल्या अंकात एकोणीस वर्षांची आणि शेवटच्या अंकात सत्तरीची, स्वतः तेव्हा एकोणपन्नासची. वरच्या मजल्याला मोठी कमान आणि तिच्यात टेराकोटाची जाळी, रोमन स्नानगृहाच्या खिडकीसारखी.

टीकेटीएस म्हणजे नाटकांची स्वस्त तिकिटं विकणारी खिडकी, तिच्या लाल पायऱ्यांखालच्या काउंटरवर मला इथलंच दुपारच्या खेळाचं तिकीट मिळालं. मागची बाल्कनी, पण हजारेक सीटचंच थिएटर असल्याने नटाचा चेहरा दिसतो. खेळ सुरू व्हायच्या आधी मी छताकडेच बघत होते.

आता इथली एक गोष्ट प्रोग्रामच्या पुस्तिकेत ठळक लिहीत नाहीत. १९३० मध्ये याच स्टेजवर एथेलने 'स्कार्लेट सिस्टर मेरी' केलं, चेहऱ्याला काळा रंग फासून, दक्षिण कॅरोलायनातली कृष्णवर्णीय बाई म्हणून. पडलं ते, थोड्याच दिवसांत. बरं झालं पडलं. संपात गरीब नटांसाठी उभी राहणारी बाई आणि ही बाई एकच आहे, आणि 'तेव्हाचा काळच तसा होता' हे उत्तर मला पुरत नाही, कारण त्या काळात न्यूयॉर्कमध्ये उत्तम कृष्णवर्णीय नट्या होत्या आणि ब्रॉडवेवर कामही करत होत्या. आणि याच थिएटरात मार्च १९५९ मध्ये 'अ रेझिन इन द सन' लागलं, लॉरेन हॅन्सबेरीचं, ब्रॉडवेवर आलेलं कृष्णवर्णीय स्त्रीचं पहिलं नाटक, सिडनी पॉइटिए मुख्य भूमिकेत. त्याच वर्षी जूनमध्ये एथेल तिकडे कॅलिफोर्नियात वारली.

परत जाताना एक्केचाळिसाव्या रस्त्यावरचं नेदरलँडर थिएटर नक्की बघा, लोक ते 'रेंट' या संगीत नाटकामुळे ओळखतात. तेव्हा त्याचं नाव नॅशनल, आणि नोव्हेंबर १९४० मध्ये इथे तिचं 'द कॉर्न इज ग्रीन' लागलं, वेल्सच्या खाणीतल्या पोरांना शिकवणारी मास्तरीण. एकसष्ट वर्षांची होती, मधली काही वर्षं वाईट गेली होती, पैसे नव्हते, लोक म्हणायला लागले होते संपली ही. हे नाटक ती पुढे गावोगाव घेऊन फिरली, आणि त्या दौऱ्यात सिनेमाचं बोलावणं आलं तेव्हा स्टुडिओने दौरा थांबवायचा खर्च भरून तिला नेलं. त्या सिनेमासाठी तिला ऑस्कर मिळालं.