काळा दगड, पिवळा दगड आणि मामाचा वाडा

नागपुरातली जुनी इमारत कोणत्या काळातली ते ओळखायची माझी एक देशी पद्धत आहे, दगडाचा रंग बघायचा. काळा असेल तर बहुतेक भोसल्यांच्या वेळचा, पिवळसर असेल तर इंग्रजांच्या. दरवेळी जमेलच असं नाही, पण महाल या जुन्या वस्तीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत एक चक्कर मारा, पटेल. रेल्वे स्टेशनच बघा ना, १९२५ ची बिल्डिंग, सावनेरच्या सँडस्टोनची. आणि शहराचा पश्चिमेकडचा भाग बसलाय लाव्हाच्या काळ्या दगडावर, सीताबर्डीची टेकडी म्हणजे तोच बसाल्ट, मग भोसल्यांनी लांबून कशाला दगड आणायचा! त्यांचा महालातला राजवाडा काळ्या बसाल्टचाच होता, त्यावर लाकडाचं भरगच्च कोरीवकाम. राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं आणि दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, राजवाड्याला आग लागली, मोठा दरवाजा तेवढा उरला.

आमच्या मामाचा वाडापण महालातच, अशा गल्लीत जिथे समोरून ऑटो आला की ॲक्टिव्हा कोणाच्यातरी ओट्यावर चढवावी लागते. सगळे त्याला दगडी वाडा म्हणतात पण खरं सांगू का, दगड फक्त जोत्याला आणि दर्शनी भिंतीला कमरेएवढा, बाकी पातळ विटा, चुना, सागवानी खांब अन् वर कवेलू म्हणजे कौलं. पण जिथे पाहिजे तिथेच दगड आहे. बसाल्ट पाणी फारसं पीत नाही, म्हणून पावसाळ्यात जमिनीची ओल जोत्यातून वर चढत नाही. खांबसुद्धा जमिनीत गाडलेले नाहीत, दगडी तळखड्यांवर नुसते उभे आहेत, त्यामुळे वाळवीला लाकूड सहजासहजी सापडत नाही. आणि भिंती इतक्या जाड की मे महिन्यात बाहेर ४५ असताना माजघरात दुपारी कूलरशिवाय झोप लागते, गरम हवा वाड्याच्या मधल्या उघड्या चौकातून वर निघून जाते. माझ्या फ्लॅटमध्ये दोन एसी लावून हे सुख नाही.

घोळ झाला तो गिलाव्याचा. एका ठेकेदाराने ओसरीच्या भिंतीला सिमेंट फासून दिलं, दिसायला एकदम चकाचक. चुन्याच्या भिंतीत ओल शिरली तरी वाळून बाहेर पडते, सिमेंट ती आतच कोंडून ठेवतं, आता आतल्या विटांचा भुगा होऊन राहिला आहे, बोट लावलं की लाल पावडर. मामा म्हणतो, "अरे बाप्पा, मी त्याला म्हटलं होतं ना चुन्याचाच कर, तर म्हणे काका, चुना आता पानठेल्यावरच मिळते!"

शेवटी एक म्हातारे मिस्त्री सापडलेत. सिमेंट खरवडणं सुरू आहे, चौकात चुना भिजत पडलाय, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालायचा म्हणतात, मामीला तो सगळा प्रकार बघून हसू येतं. तिचं म्हणणं एकच, हे काम उन्हाळ्याच्या आत आटपा, नंतर गिलाव्यावर मारायला नळाला पाणी कुठून येणार.